घड्याळ माझ्याकडे

त्या वर्षी दर रविवारी नऊ ते बारा
आमची पिठाची गिरणी बंद असायची.
दारावर बाबांनी खडूनं लिहिलेलं:
'पेपर चालू हाय.'
कोणाचा, ते लिहायची गरज नव्हती.
बाया ज्वारीचे डबे ओळीनं ओट्यावर मांडायच्या
आणि कडूनिंबाखाली दबक्या आवाजात बसायच्या.
एखादीचं लेकरू रडायला लागलं
की ती त्याला उचलून थेट हापशीपर्यंत न्यायची.

मागच्या खोलीत प्रांजलीताई.
समोर लोखंडी पेटी, पेटीवर पाट,
पाटावर गोळे असलेली उत्तरपत्रिका
आणि तिच्यावर फुटक्या खिडकीची काच.
काचेवर स्केचपेननं गोळे भरायचे,
मोजून झाले की ओल्या फडक्यानं पुसायचे.
एकच कागद वर्षभर पुरला.
प्रश्नांच्या झेरॉक्स पांढरकवड्याहून यायच्या,
डावी बाजू नेहमी कापलेली.
आकृतीचा उरलेला अर्धा भाग
ताई अंदाजानं काढायची
आणि मग गणित सोडवायची.

माझ्याकडे घड्याळ.
मी सहावीत. पतसंस्थेनं दिवाळीला वाटलेलं
भिंतीवरचं घड्याळ मांडीत घेऊन
मी दारातल्या पोत्यावर बसायचो.
काम तीनच वाक्यांचं:
एक तास झाला.
अर्धा तास उरला.
पेन खाली.
घरात माझं एवढं कोणी कधीच ऐकलं नव्हतं.

शाळेत गणिताला गाडबैल सर होते,
भौतिकशास्त्राला रिकामी खुर्ची.
ते ती रात्री टाकीजवळ, रेंज येते तिथं,
उभ्यानं उतरवून आणायची.
एकदा पट्टा घसरला तेव्हा बाबांनी विचारलं,
"हे तुह्या पुस्तकात हाय का वं?"
"हाय ना. घर्षण."
"मंग लिही. मी तं नुसता शिव्या देतो त्याले."

जानेवारीत एका रविवारी
ताईला ताप होता.
अकराच्या पुढं तिचं पेन सारखं थांबत होतं,
सतरा प्रश्न बाकी होते.
मी घड्याळ पोटाशी धरलं
आणि काटा हळूच पाच मिनिटं मागं फिरवला.
तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.
"बाराची घाटंजी गाडी आत्ताच गेली," म्हणाली,
"फाट्यावर हॉर्न वाजला."
पेन खाली ठेवलं. काच पुसली, एकही गोळा न मोजता.
मग माझ्याकडे वळली,
डोळे लाल, आवाज मात्र साधा:
"तिथं कोणाचा भाऊ बसून नसते, बापू."
आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही.
पुढच्या रविवारी मात्र घड्याळ
पुन्हा माझ्याच मांडीत ठेवलं.

परीक्षा नागपूरला होती.
बाबा आणि ती आदल्या दिवशीच गेले,
डब्यात दशम्या आणि ठेचा,
पिशवीत तीन पेनं, तिन्ही चालवून पाहिलेली.
जागा साठ. अर्ज किती आले,
ते तिला माहीत होतं, आम्हाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारच होता.
आईला गिरणी चालवता यायची,
पण तिनं पट्ट्याला हात लावला नाही.
दारावरची अक्षरं पुसट झाली होती, ती गिरवून काढली.
बाया आल्या. डबे ओळीनं.
कोणी काही विचारलं नाही.
मी मागच्या खोलीत पोत्यावर बसलो.
पाटावर काच होती,
एका कोपऱ्यात न पुसलेला निळा ठिपका.

"एक तास झाला," मी म्हणालो.
खोलीत पिठाचा वास होता, बाकी कोणी नव्हतं.
"अर्धा तास उरला."
बाहेर कोणाचं तरी लेकरू रडलं
आणि रडणं हापशीकडे दूर दूर गेलं.

फाट्यावर हॉर्न वाजला.
कौसल्याबाई पेंदोर दारातून डोकावल्या,
डबा कमरेवर.
"झाला का रे बापू पेपर?"

मी घड्याळ पोटाशी धरलं.
"नाही," म्हणालो,
"अजून पाच मिनिटं हायेत."