बिल्ला नंबर अठ्ठ्याऐंशी

मोसमाच्या सहा मैफली, सहाही तिच्याच –
इल्ता कोर्पिवारा, व्हायोलिन.
माझ्या वाट्याला सहाही वेळा कोट.

ऑक्टोबरात ओली लोकर, नोव्हेंबरात चिखलाचे बूट,
डिसेंबरात इतकी फर की खुंट्या वाकल्या.
मी बिल्ले देते. दार लागतं.
जाड लाकडातून झिरपेल तेवढंच माझं:
वरचे सूर आत राहतात,
खालच्या तारेची घरघर येते बाहेर,
शेजारच्या घरातलं भांडण यावं तशी.

जानेवारीत हेलसिंकीच्या ट्राम बंद पडल्या. उणे चोवीस.
ती पुढच्या दारानं आली,
पापण्यांवर बर्फ, काखेत पेटी,
कोट माझ्या अंगावर टाकून पळाली.
"अहो, बिल्ला!"
मुठीत घेतला, गेली.

न्यायला आलीच नाही.
कुणाच्या गाडीतून गेली असेल, फुलांसकट.
मार्चला दुसरा कोट होता म्हणे.

खिशात राळेचा खडा.
एप्रिलभर मी तो चोरून हुंगला.
पाइनचं रान, केमीची लाकडाची गिरणी,
बाबांचे हात,
साबणाला दाद न देणारे.

मे महिन्यात रात्री दहालाही ऊन.
कोट घालून कोण येतंय!
चारशे खुंट्या रिकाम्या, एकीवर तो.
उकाड्यानं दार उघडंच ठेवलं,
सगळेच सूर बाहेर आले.
खरं सांगू? मला घरघरच बरी वाटायची.

मग ती आली. बिल्ला काउंटरवर ठेवला,
आकडे अंगठ्यानं पुसट झालेले.
खिसा चाचपला. माझ्याकडे पाहिलं.
खडा मी परत ठेवला होता,
जवळजवळ सगळा.