एक हजार सत्तेचाळीस

सकाळी नऊला तासगावात लॅब उघडली.
तीस यंत्रं. पासवर्ड गिळून
प्रत्येक पडद्यावर एक पांढरं वेटोळं
फिरतंय नुसतं.
बेदाण्याच्या शेडवरनं गंधकाचा वास खिडकीतून आत.
पोरं म्हणाली, मॅडम, हँग झालंय.
हँग नाही रे. वाट बघतंय.

दर वर्षी सांगावं लागतं:
तुमची घरं इथं नाहीत,
इथं नुसता उंबरा.
घरं सगळी जिन्याखालच्या खोलीत, चौगुले सरांच्या जुन्या सर्व्हरवर,
आणि मधे एक केबल, जी उंदरांनाही आवडते.

पिंग केलं. ओ आली.
म्हणजे माणूस आत आहे, कडी काढत नाहीये.
लॉगमध्ये तीच ओळ खाली खाली उतरत गेलेली:
सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू.
सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू.
माउंट हार्ड ठेवलंय, मीच ठेवलंय.
सॉफ्ट होतं तेव्हा अर्ध्यातच हात सोडला त्यानं
आणि अख्ख्या बॅचचे जर्नल कापले गेले.
हार्ड म्हणजे कंटाळायचं नाही.

जिन्याखाली वाकून गेले.
रविवारी लाइट गेली होती.
सर्व्हर उठला, डिस्क चाचपत बसला,
तेवढ्यात फायली वाटणारी सेवा
वाट बघून झोपून गेली.
(तिला हार्ड कोणी शिकवलं नव्हतं.)
उठवली. वर गलका झाला,
वेटोळी विरघळली, एकही यंत्र बंद न करता.

निघणारच होते. सवयीनं यादी काढली,
कुठलं घर कुणाचं.
आणि वर्धमान कोथळेच्या घरावर
पाटी मुस्कान मुलाणीची.

मुस्कान यंदाची. वर्धमान दुसऱ्या वर्षातच गेला,
मामाच्या हार्वेस्टरवर.
त्याचं खातं मी पुसलं, घर पुसायचं राहिलं.
त्याचा आकडा मोकळा झाला, तिला मिळाला.
यंत्र नाव विचारत नाही.
एक हजार सत्तेचाळीस आला, दार उघडा.

आत डोकावले. डोकावू नये, पण काम माझंच.
प्रोजेक्ट-फायनल.
प्रोजेक्ट-फायनल-दोन.
प्रोजेक्ट-फायनल-आता-खरंच.
शेवटच्यात शीर्षक आणि स्वतःचं नाव, बाकी कोरं.
पंधरा महिने कुणी हात लावलेला नाही.

नियम सांगतो, वर्ष झालं की काढा.
चौगुले सर सांगतात, जागा कमी आहे.
मी मुस्कानला नवा आकडा दिला, अकराशे बारा,
तिच्या सगळ्या फायली तिच्या नावावर करून दिल्या.
तिला पत्ताही नाही.
पुन्हा यादी काढली.
वर्धमानच्या घरापुढे, मालकाच्या रकान्यात,
आता नाव नाही. उघडा आकडा.

रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहिलं:
१०४७ कुणाला देऊ नये.
सही केली. तारीख घातली.
कारणाचा रकाना तसाच सोडला.

वर पोरं म्हणत होती,
चाळीस मिनिटं गेली मॅडम, प्रॅक्टिकल वाढवून द्या.