वाढ

आलेन्तेजूतल्या एका लहान पालिकेत
पगारपत्रक मी करतो.
सात वर्षं मागच्या महिन्याचा आकडा
पुढच्या महिन्यात उतरवला, बस्स.
वरून आलेल्या कागदात शब्द होता : गोठवला.
आमच्याकडे बर्फ पडत नाही,
जानेवारीतही संत्री झाडावर असतात.

ओदेत शाळेच्या स्वयंपाकघरात.
दोनशे दहा पोरांना कोबीचं सूप वाढते,
काटकुळ्या दुआर्तला एक पळी जास्त.
सात वर्षं वाढतच होती ती,
तिला कुणी वाढलं नाही.
घरभाडं तेवढं न चुकता वाढलं.

आज ठराव आला. महिना अठ्ठेचाळीस युरो.
जिना उतरून मी स्वतः सांगायला गेलो.
तिनं चष्मा काढला,
डावी दांडी अजून दोऱ्यानं बांधलेली,
एप्रनला पुसत विचारलं,
"आणि मागचं?"

मागचं नाही, म्हटलं.

"आणि बेल्मिरोचं?"

कबरी खणणारा बेल्मिरो. मार्चमध्ये गेला.
त्याची ओळ मी अजून खोडलेली नाही;
जुन्याच आकड्यापाशी
फावडं टेकून उभी आहे.

ओदेत काही बोलली नाही.
पातेल्याचा तळ खरवडला,
एक वाटी माझ्यापुढे सरकवली.
"घे," म्हणाली,
"कोमट झालंय."