पांढऱ्याचं काय झालं

रुश्तू आधी म्हणाला, सुलतान कोरतो.
भरघोस दाढी, पगडीत तुरा,
"परदेशी गिऱ्हाईक तेच मागतं, फेरिदुनभाई."
मी म्हटलं, मी गिऱ्हाईक नाही, खरादी आहे.
छत्तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात
इंजिनांचे दट्टे कातले,
मला कुणाच्या टाळूत तंबाखू ठासायची नाही.
साधा कर.
पोट गोल, दांडी सरळ, बस.

तो हसायचा थांबला.
साध्यात लपायला जागा नसते, म्हणाला,
आणि किंमत दुप्पट सांगितली.

सहा दगड त्याने बाजूला टाकले.
एकात रेघ, एकात खडा,
एकात काहीच नव्हतं, तरी टाकला.
सातवा ओला होता, विहिरीतून नुकताच वर आलेला,
सुरी अशी उतरली
जशी खरवसात उतरते.
मग वाळवण, घासणं, उकळत्या मेणात बुडवणं,
आणि तीन महिने मी रोज दुपारी
उगाच त्याच्या दुकानावरून जायचो,
लग्न ठरलेल्या पोरासारखा.

या दगडाला जग समुद्राचा फेस म्हणतं.
एस्किशेहिरला समुद्र कुठला!
मी तो एकदाच पाहिला, शिपाई असताना,
तोही रात्री:
म्हणजे ऐकला.

घरी आणला तेव्हा नुरिये म्हणाली,
"दोन महिन्यांची पेन्शन. आणि पांढरा. तुझ्या हातात?"
तिचं बरोबर होतं.
माझ्या नखांतलं वंगण अजून निघालेलं नाही.

म्हणून दांडीला धरायला शिकलो.
पोटाला बोट लावायचं नाही,
गरम असताना तर मुळीच नाही,
तेव्हा मेण जागं असतं.

संध्याकाळी बाल्कनीत बसतो.
खाली पोर्सुक नदी, तिच्यात दिव्यांची भांडणं.
तंबाखू चिमटीने सोडतो,
दट्ट्याच्या उरल्या तुकड्यातून मीच कातलेल्या
दाबणीने दाबतो, हलकं,
दुसरी काडी लागते, कधी तिसरी,
मग आत बारीक तडतड,
सुक्या अंजिराचा वास,
आणि पाऊण तास
कुणाला कसलंच उत्तर द्यायचं नसतं.
घाई केली की जीभ भाजते.
कारखान्यात मला हे कुणी सांगितलं असतं तर
चार माणसांशी तरी बोलणं तुटलं नसतं.

पहिल्या वर्षी मानेपाशी
लिंबाच्या सालीएवढी छटा आली.
मी रुश्तूला दाखवायला धावलो.
चष्मा वर करून तो म्हणाला, "ही घाण आहे, पूस."
ती घाणच होती.
खरा रंग दुसऱ्या हिवाळ्यात आला,
आतून, न विचारता.
मग मध. मग मधाखालचा मध.

इदिल तेव्हा चार वर्षांची.
मी चहा घ्यायला आत गेलो एवढंच.
बाहेर आलो तर तिने तो दोन्ही हातांत धरलेला,
ऊब घेत, चिमणीचं पिल्लू धरावं तसा,
आणि अंगठा बरोबर पोटाच्या मध्यावर.

मी ओरडलो. आयुष्यात एकदाच, तिच्यावर.
ती रडली नाही, पाइप जपून खाली ठेवला,
आणि आठवडाभर मला आजोबा म्हणाली नाही.

रुश्तूने ठसा पाहिला, भिंगातून, बराच वेळ.
घासून काढतो, म्हणाला, एक थर जाईल.
मी खिशात घातला आणि घरी आलो.
का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.
आताही नीट येत नाही.

चौदा वर्षं झाली. रुश्तू गेला,
त्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात.
पाइप आता काकवीच्या रंगाला लागलाय,
फक्त मध्यावर, वाटाण्याएवढ्या जागेत,
दगड पांढरा राहिला आहे
आणि त्यात रेषा,
बारीक, गोल गोल फिरणाऱ्या.

इदिल त्राब्झोनला शिकते, समुद्राच्या काठावर.
काल फोनवर मागे लाटा होत्या.
"आजोबा, डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकता ना?"
ऐकतो, म्हटलं. रविवारी एकदाच.
"आणि तो? किती काळा झाला?"

मी दिव्याखाली धरला, दांडीला.
आज पेटवला नव्हता, थंडच होता.
मग अंगठा तिथे ठेवून पाहिला.
माझा मावत नाही.

"थांब," मी म्हटलं, "जरा त्या लाटा ऐकू दे."