सोड

ऐरोलीत, सेक्टर आठच्या कोपऱ्यावर
लोखंडी झाकणाखाली माझा व्हॉल्व्ह आहे.
पहाटे चार दहाला मी लांब दांड्याची चावी आत घालतो,
एकवीस फेरे डावीकडे,
आणि जमिनीखाली कुणीतरी घसा खाकरतं.
मग चाळीस इमारतींना पाणी.
सव्वीस वर्षं. चेहऱ्यानं मला कुणी ओळखत नाही.
एखादा दिवस उशीर झाला, की आईवरून ओळखतात.

फेरे मोजता मोजता मी प्रार्थना म्हणतो.
आईनं जालन्यात शिकवलेली,
लाल कडांच्या पुस्तकातून, ओळीवर बोट ठेवून.
तिला अक्षर अर्धंच यायचं,
उरलेलं ती पाठ म्हणायची
आणि बोट उगाच पुढं सरकवायची.

नाव, राज्य, आजची भाकर,
इथवर चावी लोण्यातून फिरते.
पुढं ऋणाची ओळ येते.
तिथं मला खोकला येतो.
एखादं कुत्रं दिसतं, रबाळ्याच्या कंपनीचा वास येतो,
आणि मी थेट आमेनवर उतरतो.

अकरा वर्षं झाली.
शीलासनं टेम्पोसाठी नेलेले एक लाख चाळीस हजार.
टेम्पो मुंब्र्याच्या बायपासला उलटला.
मी रक्कम अजून दर एक तारखेला आठवतो,
व्याज न लावता.
बघ देवा, व्याज लावत नाही, एवढं तरी लिहून ठेव.
भाऊ कळव्यात राहतो,
विटाव्याच्या पुलाखालून गेलं की वीस मिनिटं.
आईच्या मातीला दोघंही आलो होतो.
मधे खड्डा.

परवा रविवारी पाळकांनी वाचन मला दिलं.
चष्मा विसरलो म्हणून टाळत होतो,
तर मागून मार्थाबाई उजागऱ्यांनी आपला पुढं केला.
दुसऱ्याच्या नंबरातून अक्षरं फुगून आली,
एकच शब्द धड दिसला: सोड.
मी थांबलो. लोकांना वाटलं, म्हातारा भरून आला.
तसं काही नव्हतं.
हा तर माझ्या नोकरीचा शब्द, एवढंच मनात आलं.

आज चौदाव्या फेऱ्याला चावी अडली.
गंज असेल. जोर लावला नाही.
झाकणाशेजारी बसलो, चड्डीला ओल लागली.
म्हटलं, देवा, मला हे येत नाही.
अख्ख्या सेक्टरला सोडतो,
एका माणसाला सुटत नाही.
पैशावर पाणी सोडावं म्हणतात ना,
त्यातलं पाण्याचं मला कळतं.
पैशाचं तू बघ.

आवाज आला नाही. उजेड पडला नाही.
गुडघा तेवढा दुखला.
मग चावी अर्धा फेरा उलटी घेतली,
अडलं की आधी मागं यायचं,
हे पहिल्याच वर्षी शिकलेलो.
सुटली.
आणि ती ओळही गेली तोंडातून, सबंध,
भलत्याच चालीत.

चार पस्तीसला फोन लावला.
तिकडून झोपेतला, घाबरलेला आवाज: "कोण गेलं?"
"कुणी नाही रे," म्हटलं.
"तुमच्याकडं पाणी आलं का?"