दहाचा संच

सोहारहून रुवी सव्वादोनशे किलोमीटर.
निमित्त कंपनीची रिकामी रिळं पोचवायचं,
खिशात इनासची चिठ्ठी:
‘दहाचा संच आण. निकेल चढवलेला.
विसरलास तर आज जेवण नाही.’
पाळी त्याची आहे, विसरून चालणार नाही.

रोडेलच्या दुकानात भिंतभर पाकिटं.
तो विचारतो, नऊ, दहा की अकरा?
शुद्ध निकेल, चढवलेलं, की स्टेनलेस?
गाभा षटकोनी की गोल?
मला वाटलं होतं, तार मागितली की तार मिळते.

म्हटलं, बाबा, मी तारेतलाच माणूस.
आठ मिलिमीटरचा तांब्याचा गज
माझ्या मशीनमध्ये शिरतो
आणि एकेका डायमधून ओढला जात
दोरा होऊन निघतो.
साबणपाणी आटलं की तुटतो.
तुटला की पाळीच्या वहीत माझं नाव.

मग तुला कळेल, तो म्हणाला, आणि स्टूल पुढे सरकवलं.

पोलादाचंही असंच. हिऱ्याच्या भोकातून ओढायचं,
पुढचं भोक मागच्यापेक्षा जरा कंजूष.
बारीक तीन तारा तशाच राहतात,
अंगावर नुसता कथिलाचा हात.
जाड्या तिघींचा गाभा दोन टोकांना ताणून गरागरा फिरवतात,
आणि निकेल चढवलेली तार त्याला वेढत जाते,
वेढ्याला वेढा घासून, मध्ये नखही जाणार नाही.
षटकोनी गाभ्याच्या कडा वेढ्याला चावून धरतात.
गोल गाभ्याला कडाच नाहीत,
ती तार आधी वाकवून मग कापायची,
नाहीतर सगळं सुटून हातात येतं.
(हे मी दोनदा ऐकून घेतलं. का, ते माहीत नाही.)

स्टेनलेस चरचरीत, पडदे खातं.
शुद्ध निकेल मवाळ, जेवण झालेल्या माणसासारखं बोलतं.
इनासला मधलं हवं. इनासला सगळंच मधलं हवं.
वरून लेप दिलेल्याही असतात, दुप्पट भावाच्या.
आमच्याकडे ऑगस्टमध्ये समुद्र खोलीतच राहायला येतो,
पंधरा दिवसांत तारा काळ्या,
बोटांना वास गंजाचा, आणि त्याच बोटांनी हा मासळी साफ करतो.

तांब्याची नाही का? मी विचारलं.
रोडेल हसला. विजेच्या गिटारला?
चुंबकाला तांबं दिसतच नाही.
छेडत बस, ऐकू कुणाला जाणार!

अकरा वर्षं मी तांबं ओढतोय.

मिरजेचा म्हटलं की लोकांना वाटतं, घरी तंबोरे असतील.
आमचं सायकलचं दुकान.
वडील चाक मांडीवर घेऊन एकेक स्पोक नखाने छेडत,
कान खाली, डोळे मिटलेले,
ढिला स्पोक बद्द वाजे, मग चावी अर्धा आटा.
गाणं त्यांना कधीच कळलं नाही.

रोडेलने कपाटातून एक उघडा पिकअप काढून
माझ्या तळहातावर ठेवला.
चुंबकांभोवती तपकिरी, केसाहून बारीक,
आठ हजार वेढे.
काय आहे हे, ओळख.
ओळखायला काय? तांबं.
ते गात नाही, तो म्हणाला. ते ऐकतं.

रात्री इनासने जुन्या तारा उतरवल्या, नव्या चढवल्या,
उरलेली टोकं पकडीने कापली.
अँप्लिफायर लावायचा नाही, रात्रपाळीवाले झोपलेत.
पंख्याच्या आवाजाखाली
डासाएवढा सूर.
आत तांब्याला ऐकू जात असणार,
पुढे सांगायला वायर जोडलेली नव्हती.

मी जमिनीवरून पहिल्या तारेचं टोक उचललं,
मायक्रोमीटरमध्ये धरलं.
कशी वाटते? इनासने विचारलं.
पंचवीस, म्हटलं. शून्य पूर्णांक पंचवीस.
बरोबर आहे.