नबेरू

फॉर्मवर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं :
रूबेन स्टकलेस, वय एकाहत्तर.
व्यवसाय : कॉड मासा. तो संपल्यावर खेकडा, रात्रपाळी.
तक्रार : म्हातारी बसते.

मी ते खोडलं नाही.
सेंट जॉन्सच्या या निद्राकक्षात अकरा वर्षं
मी लोकांना वायरी लावून झोपवते,
पण वडिलांच्या डोक्यात बोटांनी भांग पाडून
गोंदाचा थेंब सोडायची ही पहिलीच वेळ.
केस किती विरळ झालेत.
मिठाचा वास तेवढा तसाच.

समजावणं हेही माझं काम, म्हणून समजावलं :
स्वप्नात माणूस पळतो, वल्हं मारतो, भांडतो,
म्हणून मेंदू आधी हातापायांना कडी लावतो,
नाहीतर झोपेतच उठून पाण्यात चालत गेलो असतो आपण.
कधीतरी डोळे आधी उघडतात
आणि कडी तशीच राहते.
छाती तिच्या लयीत हलत असते,
आपल्याला हवा तसा श्वास मात्र ओढता येत नाही,
मग वाटतं, कुणीतरी बसलंय.
स्वप्न अर्धं अजून खोलीत असतं, ते तिला तोंड देतं.
उताणं झोपू नका. झोपेच्या वेळा मोडू नका.

जाळ्यातलं भोक निरखावं तसा तो ऐकत होता.
"कडी कळली," म्हणाला.
"पण माझ्या चुलत्याला तीच, पलीकडच्या घरात तीच,
अंगावर तीच शाल.
ही एकच शाल सगळे मेंदू आणतात कुठून?"
मी हनुवटीखालची वायर पुन्हा दाबून बसवली.

त्याच्या बापानं फळीत खिळे ठोकले होते, टोकं वर,
आणि ती छातीवर बांधून तो झोपायचा :
बस म्हणावं आता.
एका रात्री झोपेत हात आपटला तो स्वतःचाच.
मी सुचवलेला उपाय, सदऱ्याच्या पाठीला
टेनिसचा चेंडू शिवून घ्या.
तो हसला. "म्हणजे फळीच, फक्त मागून."

त्याच्या आईचा उपाय बिनखर्ची.
माणूस थिजला की त्याचं नाव उलटं हाकारायचं,
पुढून रुतलेली होडी
मागून ओढतात तसं.

तीन वाजून एकेचाळीस.
पडद्यावर मेंदूची रेघ जागी, बारीक, दाट.
हनुवटीची सपाट.
कॅमेऱ्यात तो उताणा
(चेंडू अजून शिवायचा होता)
आणि फक्त डोळे, दाराकडे, छताकडे,
पुन्हा दाराकडे.
दारात कुणी नव्हतं. मी तीनदा पाहिलं.

नियम असा : आत जायचं नाही, नोंद होऊ द्यायची,
मिनिट-दोन मिनिटांत आपोआप सुटतं.
नव्या मुलांना हे मीच शिकवते.
चाळीस सेकंद मी मोजले.
मग माईकचं बटण दाबलं
आणि तोंडून आलं,
नबेरू.
पुन्हा, नबेरू.

सगळ्या रेघा एकदम उसळल्या,
वारा सुटून शिडं फडफडावीत तशा.
तो उठून बसला होता,
वायरींच्या गुंत्यात, जाळ्यात आलेल्या मोठ्या माशासारखा,
श्वास मोजत.

सकाळी डॉक्टर अकिन्तोलांनी विचारलं, हा आवाज कसला?
मी लिहिलं : तंत्रज्ञाचा हस्तक्षेप. नोंद खराब.
त्यांनी वाचलं, पेनाचं टोपण लावलं,
आणि काही न विचारता पुढचं पान उलटलं.

मी कोमट पाण्यात कापूस भिजवून
त्याच्या केसांतला गोंद सोडवत होते.
"आवाज तुझा चांगला आहे," तो म्हणाला,
"पण 'रू' लांबवायचा असतो.
आखूड म्हटलं की ती उठते फक्त.
दारात थांबते."

मग त्यानं हनुवटी वर केली,
शेवटची वायर काढायला.